मधली हवा

मे महिना, ताडोबा, सकाळचे साडेनऊ. मोहर्ली गेटमधून पहाटे आत शिरलेल्या आमच्या जिप्सीला तीन तास चितळं आणि एका अस्वलाची पाठ एवढंच दिसलं होतं. मग एका वळणावर डांबरी रस्त्याच्या मधोमध वाघीण बसलेली दिसली. दीडशे मीटरवर गाडी थांबली, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. माझ्याकडे ६०० मिलिमीटरपर्यंत जाणारी झूम लेन्स होती, तिच्याखाली तांदूळ भरलेली बीनबॅग, शटर स्पीड १/१६००. वाघीण अकरा मिनिटं जागची हलली नाही. मी २१४ फोटो काढले.

दुपारी खोलीवर येऊन लॅपटॉप उघडला. एकही फोटो शार्प नव्हता. पट्टे टीपकागदावर पसरलेल्या शाईसारखे दिसत होते. डोळे होते, पण त्यांत नजर नव्हती. मिशा तर कुठे गेल्या तेच कळेना.

पुण्याला आल्यावर मी लेन्स दुरुस्तीला दिली. तपासून ‘काही दोष नाही’ म्हणून परत आली. मी पुन्हा दिली. पुन्हा तोच निरोप. तरी माझा विश्वास बसेना. लेन्सवर वर्षभराची शिल्लक घातली होती आणि वाघीण समोर बसलेली असताना तिने दगा दिला, असंच मला वाटत राहिलं. शेवटी ते फोटो घेऊन आमच्या एका ज्येष्ठ मित्राकडे गेलो. बँकेतून निवृत्त झालेले, तीस वर्षं पक्ष्यांचे फोटो काढणारे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांनी एकापाठोपाठ एक काढलेले दोन फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले आणि डावा कान मोठा करून दाखवला.

“एकाच सेकंदातले आहेत हे दोन्ही. वाघीण हललेली नाही, तू हललेला नाहीस. मग इथे कान सरळ आणि इथे वाकडा, असं कसं होईल?”

मी गप्प.

“लेन्स चांगली आहे तुझी. तुमच्या मधली हवा खराब होती.”

तोवर कॅमेरा आणि जनावर यांच्यामध्ये काही असतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी काकांनी मला बिघडलेला फोटो वाचायला शिकवलं. चांगल्या फोटोपेक्षा वाईट फोटो जास्त बोलतो, पण तो मोठा करून, सावकाश पाहावा लागतो. चौकटीतलं सगळंच, म्हणजे गवत, दगड, जनावर, एकाच दिशेने फरफटल्यासारखं दिसत असेल तर हात हलला आहे. गवताचं पातं कापता येईल इतकं स्वच्छ आणि जनावर तेवढं पुसट, तर जनावर हललं आहे. शटर अपुरं पडलं. जनावराच्या पुढचं किंवा मागचं गवत स्वच्छ आणि जनावर मऊ, तर फोकस चुकला. आणि कुठेच काही स्वच्छ नाही, कडा कुरतडल्यासारख्या किंवा लाटांसारख्या, एका फोटोत थोडं बरं तर पुढच्यात त्याहून वाईट, तर ती हवा. या चार दुखण्यांचे चार वेगळे उपाय आहेत. आपण मात्र बहुतेक वेळा पाचवाच उपाय करतो, नवी लेन्स घेतो.

हाताचं दुखणं सगळ्यात सोपं. जितके मिलिमीटर, सेकंदाचा निदान तितकावा भाग, हा जुना ठोकताळा. ६०० ला १/६००. तो फिल्मच्या आणि लहान प्रिंटच्या काळातला आहे. आज ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला ६०० ची लेन्स लावली, तर शंभर मीटरवरच्या जनावराच्या अंगावर एकेक पिक्सेल एका मिलिमीटरपेक्षाही कमी जागा व्यापतो. इतक्या बारीक जाळीत हाताचं कापणं लपत नाही, म्हणून शटर दुप्पट वेगाने ठेवलेलं बरं. १९९५ साली कॅननने अदलाबदल करता येणाऱ्या लेन्समध्ये पहिल्यांदा स्टॅबिलायझर बसवला, आणि आता तो बहुतेक लांब लेन्समध्ये असतो. तो आपला हात सावरतो. समोरचा पक्षी सावरणं त्याच्या हातात नाही. सेकंदाला दहा मीटर वेगाने आडवा जाणारा पक्षी १/५०० सेकंदात दोन सेंटिमीटर पुढे सरकतो, १/२५०० मध्ये चार मिलिमीटर. उडत्या पक्ष्याला १/२५०० किंवा त्याहून वेगाचं शटर द्यावं लागतं ते या गणितामुळे. प्रकाश कमी असेल तर आयएसओ वाढवावा. फोटोतला दाणा नंतर बराचसा पुसता येतो, हललेला डोळा मात्र परत आणता येत नाही. हे एवढं साधं तत्त्व मला पटायला चार वर्षं लागली. आयएसओ ४०० च्या वर न्यायचा नाही, असं कुणीतरी कधीतरी सांगितलेलं मी देवाच्या शब्दासारखं धरून बसलो होतो.

हवेचं दुखणं वेगळं. तापलेल्या डांबरावरून गरम हवा वर उठते, तिच्या शेजारची हवा त्यामानाने थंड असते, आणि गरम-थंड हवेतून जाताना प्रकाश कमी-जास्त वाकतो. रस्त्यावर दुपारी दिसणारं मृगजळ हा त्याचाच प्रकार. साध्या डोळ्याला साडेनऊ वाजता ते जाणवलंही नव्हतं. पण ६०० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्यावर साधारण साडेतीन अंशांची पट्टी पाहते. सहा-सात पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर मावतील एवढीच. लेन्स वाघीण मोठी करते तशी मधली हवाही मोठी करते. त्यावर कुठलीही सेटिंग चालत नाही. दहा लाखांच्या पुढची, तीन किलोची ६०० एफ/४ असली तरी तिलाही याच दीडशे मीटर हवेतून पाहावं लागतं. सकाळचा पहिला तास सोडू नये, असं काका म्हणतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात, जिथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, पहिल्या तासानंतर लांबचा फोटो काढूच नये. जवळचा काढावा, नाहीतर नुसतं बघावं. डांबरावरून नेम धरण्यापेक्षा गवतावरून, सावलीतून, ओल्या मातीवरून धरावा. स्वतःच्या गाडीच्या तापलेल्या बॉनेटवरून तर कधीच धरू नये. थंडीत गाडीचा हीटर लावून काच खाली केली तरी तोच घोटाळा होतो, कारण आतली उबदार हवा नेमकी लेन्ससमोरूनच बाहेर पडते.

लांब लेन्सचं वय तसं फार नाही. १८९१ मध्ये लंडनमध्ये डॅलमायर, बर्लिनमध्ये मीथे आणि म्यूनिकमध्ये स्टाइनहाइल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे टेलिफोटो लेन्स तयार केली. पण ती अंधूक होती, आणि जंगलात उपयोगी पडायला तिला अजून बराच काळ जायचा होता. १८९५ मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी पक्ष्यांच्या घरट्यांवर संपूर्ण फोटोंनी सजलेलं पुस्तक काढलं, ते लेन्सच्या जोरावर नव्हे. पक्ष्याच्या जवळ जाण्यासाठी त्यांनी पुढे बैलाचं कातडं ताणून पोकळ बैल बनवला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन उभे राहिले. आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्याने संयुक्त प्रांतातल्या जंगलात वाघाच्या वाटेवर तार लावली; वाघाचा पाय लागला की फ्लॅश पडायचा आणि वाघ स्वतःच आपला फोटो काढायचा. त्याचं पुस्तक १९२७ चं. वाघ कुठून, किती वाजता जाईल हे आधी ओळखायचं आणि मग रात्र त्याच्यावर सोडायची, एवढीच त्याची युक्ती. या माणसांच्या फोटोंकडे मी पुन्हा पुन्हा जातो. अंतराचा प्रश्न त्यांनी आधी जनावराला ओळखून सोडवला होता.

आपल्याला ते करावं लागलं नाही. २०१३ च्या अखेरीस टॅमरॉनची आणि पुढच्या वर्षी सिग्माची १५०-६०० झूम आली, आणि ६०० मिलिमीटर नोकरदाराच्या आवाक्यात आले. माझ्या पिढीचे बहुतेक हौशी फोटोग्राफर या लेन्सवर वाढले. त्याचा मला आनंदच आहे. शिक्षक, एसटीचे वाहक, शेतकऱ्यांची मुलं आज गावच्या माळावरच्या धाविक पक्ष्यांचे, लांडग्यांचे फोटो काढतात ते या लेन्समुळे. पण लेन्स लांब झाली तसं जवळ जाण्याचं शिक्षण मागे पडलं. ते मला भिगवणला मिळालं, एका होडीत.

भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. मागे पसरलेल्या पाण्यात गावं, मळे, देवळं गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवच्या जुन्या पळसनाथ मंदिराचं शिखर अजून वर येतं. भिगवणजवळ त्याच पाण्याच्या उथळ कडांवर थंडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात, हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात, आणि पुणे-सोलापूर रस्त्यावरून आलेल्या गाड्या कुंभारगावच्या काठावर उभ्या राहतात. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतली माणसं होड्या चालवतात. आमच्या नावाड्याला मी मामा म्हणतो. पन्नाशीचे, कमी बोलणारे. एकदा मधल्या पाण्यात वल्हं थांबवून ते म्हणाले, “आमच्या आज्याचं रान हितं खाली हाय,” आणि पुन्हा वल्हवायला लागले.

पहिल्यांदा गेलो ते फेब्रुवारीत. सहा वाजताच होडीत बसायचा हट्ट माझाच. ताडोब्याचा धडा ताजा होता: थंड हवा म्हणजे स्वच्छ हवा. पहिल्या अर्ध्या तासातले सगळे फोटो पुन्हा मऊ आले. पाणी रात्रभर ऊब धरून होतं, वरची हवा गार, आणि पाण्यावरून दुधासारखी वाफ उठत होती. ती सुंदर दिसत होती आणि लेन्सला तीच नडत होती.

“वाफ बसू द्या,” मामा म्हणाले. “आठच्या पुढं काढा. साडेनऊला परत गरम हुतंय.”

दिवसातला दीड तास. बाकी वेळ बघायचा. मी तसंच करायला लागलो आणि त्या बघण्यातूनच पुढचं सगळं हाती आलं.

होडीत ट्रायपॉड कामाचा नाही. होडी डुलते आणि ट्रायपॉड तिच्याबरोबर प्रामाणिकपणे डुलतो. तळाशी मांडी घालून बसायचं, कोपर गुडघ्यावर टेकवायचं, किंवा काठावर बीनबॅग टाकून लेन्स तिच्यात दाबायची. खाली बसल्याचा दुसरा फायदा मोठा आहे. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला येतो, मागचा किनारा दूर राहतो, मऊ होतो, आणि पक्षी त्यावर उठून दिसतो. मात्र पाण्यालगतच्या हवेतून जास्त पाहावं लागतं, म्हणून पक्षी जवळ हवा.

जवळ आला की फोकसची परीक्षा सुरू होते. ६०० एफ/४ ने दहा मीटरवर फोटो काढला, तर स्वच्छ दिसणारी खोली जेमतेम सहा-सात सेंटिमीटर. कवड्या खंड्या तुमच्याकडे तोंड करून बसला असेल आणि फोकस चोचीच्या टोकावर लागला, तर डोळा निसटायला लागतो. आणि फोटोत डोळा गेला तर बाकी काही उरत नाही. २०२० पासून कॅननच्या आर५ सारखे कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपोआप शोधतात आणि धरून ठेवतात. खूप मोठी सोय आहे ती, माझे निम्मे चांगले फोटो तिच्यामुळे आहेत. पण समोर बोरूचं एक पातं आडवं आलं की यंत्र गोंधळतं, आणि पक्षी उडाल्यावर त्याला शोधायला सुरुवात केली की उशीर झालेला असतो. तोच कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख मारत थांबतो, तेव्हा त्याचं डोकं मात्र हवेत खिळा ठोकल्यासारखं स्थिर असतं. हे माहीत असलेला माणूस शटर मुद्दाम १/५०० ला आणतो, पंख धुरासारखे येऊ देतो आणि डोळा लख्ख मिळवतो. ही गोष्ट कॅमेऱ्याच्या कुठल्याही मेनूत लिहिलेली नाही.

मामांना अशा शंभर गोष्टी माहीत आहेत. शिकारी पक्षी शिटला की तो पुढच्या काही क्षणांत उडणार. पट्टकदंब माना ताठ करून एका दिशेला चालायला लागले की थवा उठणार. रोहित चिखलात पाय नाचवत, डोकं उलटं करून पाणी गाळत असतात तोवर निवांत आहेत. माना वर आल्या, सगळ्या चोची एकीकडे झाल्या, की होडी थांबवायची, मागेही न्यायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या दिवशी मी कॅमेरा काढायच्या आधी त्यांनी विचारलेलं: “वारं कुठनं येतंय बघितलं का?”

पक्षी वाऱ्याच्या तोंडाला उडतात. रोहितांना तर उडण्याआधी पाण्यावर पाच-सात पावलं धावावं लागतं, तेही वाऱ्याकडे तोंड करून. वारा तुमच्या पाठीमागून येत असेल तर उडालेला पक्षी तुमच्याकडे येतो, तोंड, छाती, डोळे दाखवत. वारा समोरून असेल तर मिळते शेपूट. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणून होडी पूर्वेकडे राहून पश्चिमेकडे तोंड. त्याच वेळी वारा पूर्वेचा असेल तर त्या दिवसाचं अर्धं काम झालं. नसेल तर मामा सरळ सांगतात, आज उडत्याच्या मागे लागू नका.

याचसाठी मला शेजारच्या होडीतलं एक दृश्य सहन होत नाही, आणि ते दर हंगामात दिसतं. कुणीतरी नावाड्याला जास्तीचे पैसे देतं, मोटर लावलेली होडी थव्यात घातली जाते, रोहित उठतात, आणि चारी बाजूंनी शटरचा कडकडाट होतो. लांबच्या प्रवासाची तयारी म्हणून दिवसभर खाणाऱ्या पाखरांना आपण एका फोटोसाठी पळवतो. नावाड्याला मी दोष देत नाही. हंगाम चार महिन्यांचा आणि गिऱ्हाईक मागेल ते द्यावं लागतं. मागणारे आपण असतो. आणि जे हाती येतं ते काय? हाकललेला पक्षी होडीपासून दूर पळतो. बहुतेक फोटो पाठीचे, लांबचे, पाण्याच्या तुषारांत हरवलेले. त्याला मग कॉम्प्युटरवर धार लावली जाते, पिसांच्या कडांना पांढरी रेघ येते, आणि ते शार्प म्हणून फिरतं. घरट्यांचंही तसंच. फांदी बाजूला केली की फोटो स्वच्छ येतो आणि पिल्लू उन्हाला आणि कावळ्यांना उघडं पडतं. ज्याला जनावर हवं आहे, त्याने यातलं काहीही करू नये.

यंदाच्या जानेवारीत ऑस्प्रे दिसला. मासे पकडून जगणारा, पिवळ्या डोळ्यांचा, डोळ्यावरून मागे जाणारी गडद पट्टी असलेला पक्षी. मासेमारांनी जाळ्यासाठी रोवलेल्या एका बांबूवर तो बसला होता, सत्तर मीटरवर. मी लेन्स उचलली. मामांनी हाताने थांबा म्हटलं.

त्यांनी होडी त्याच्याकडे नेलीच नाही. तिरकी नेली, जणू आम्हाला पलीकडे कुठेतरी जायचं आहे. त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं की वल्हं पाण्यातच थांबायचं. तो पिसं साफ करायला लागला की पुन्हा दोन हात. मग उलट तिरकी. चाळीस मिनिटं असं चाललं होतं. माझे पाय बधिर झाले. पंचवीस मीटरवर आल्यावर मामांनी बांबू तळाच्या चिखलात रोवून होडी धरली.

तेवढ्यात तो शिटला आणि उडाला. माझा एकही फोटो नाही.

“जाऊ द्या,” मामा हळूच म्हणाले. “भूक लागलीय त्येला. हितंच येऊन खाणार.”

मी त्यांचं ऐकलं. लेन्स ६०० वरून ४०० वर मागे घेतली, कारण पंचवीस मीटरवर ६०० ची चौकट जेमतेम दीड मीटर रुंद होते आणि त्याच्या पंखांचा पसाराच तेवढा असतो. एफ/६.३ ला फोकसची खोली सुमारे दीड मीटर मिळत होती. रिकाम्या बांबूच्या शेंड्यावर फोकस लावला आणि ऑटोफोकस बंद केला. शटर १/२५००. वारा आमच्या पाठीमागे होता, म्हणजे बांबूवर उतरताना तो वाऱ्याकडे, आमच्याकडे तोंड करून येणार होता. दूर कुठेतरी पाण्यावर मोठा धप्प आवाज झाला. मी डोळा कॅमेऱ्यातून काढला नाही. चौकटीत फक्त बांबू, त्याच्या मागे करडं पाणी, आणि माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं.

मग चौकट पंखांनी भरली.

बारा फोटो. होडीच्या सावलीत वाकून मी स्क्रीन मामांसमोर धरली आणि चौथा फोटो मोठा केला. पिवळा डोळा, बुबुळाची कड, छातीवरचे पाण्याचे थेंब, पुढे काढलेले पंजे, नखांत तोंड पुढे करून धरलेला मासा, त्याचा एकेक खवला. मामांनी डोळ्याकडे पाहिलं नाही. ते खाली वाकले, माशावर बोट ठेवलं आणि म्हणाले,

“चिलापी हाय. पाव किलोची आसंल.”